पार्ट बदलला, लाईट गेली. पण बिघडलं काय होतं?

मेकॅनिकल, ऑटोमोबाईल आणि कॉम्प्युटर या तिन्ही शाखांमधून पीएचडीच्या तयारीला लागलेल्यांचा एक विषय हल्ली फार आवडता आहे: मशीन लर्निंगने गाडीतला बिघाड ओळखणं. सिनॉप्सिस साधारण एकाच साच्याची असते. ईसीयूमधून आलेले कोड आणि सेन्सरचे आकडे हे इनपुट, वर्कशॉपच्या जॉब कार्डवर 'काय काम केलं' ते लेबल, मग मॉडेल, मग नव्वदच्या वर अचूकता. मला मॉडेलबद्दल काही म्हणायचं नाही. म्हणायचंय ते त्या लेबलबद्दल. 'काय बदललं' आणि 'काय बिघडलं होतं' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हे नुसतं तत्त्व म्हणून सांगितलं की सगळे मान डोलावतात आणि पुढे जाऊन दोन्ही एकच धरतात. म्हणून आज एकच बिघाड घेऊया, तोही अगदी छोटा, आणि त्याबद्दलचा 'पुरावा' गाडीपासून डेटासेटपर्यंत कसा येतो ते तपासूया.

बिघाड आहे पी००१०. सोप्या भाषेत: इनटेक कॅमशाफ्टचं टायमिंग बदलणाऱ्या अ‍ॅक्च्युएटरच्या सर्किटमध्ये गडबड, बँक १.

ज्यांनी इंजिन उघडलेलं पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कॅमशाफ्ट व्हॉल्व्ह उघडतो-मिटतो. जुन्या इंजिनात हे टायमिंग कायमचं ठरलेलं असे. आता कॅमशाफ्टच्या तोंडाशी एक फेझर असतो. त्याच्या कप्प्यांत इंजिन ऑईल दाबाने सोडलं की कॅमशाफ्ट काही अंश पुढे किंवा मागे फिरतो. ऑईल कुठल्या कप्प्यात जायचं ते एक छोटा व्हॉल्व्ह ठरवतो आणि त्या व्हॉल्व्हला हलवतं एक सोलेनॉइड, म्हणजे दोन वायरींची एक कॉइल. ईसीयू तिला तुटक तुटक करंट देतो आणि कॅम कुठे पोचला ते कॅम सेन्सरकडून विचारत राहतो. बीएमडब्ल्यूने १९९२ साली व्हॅनोस आणलं, टोयोटाने १९९६ च्या सुमाराला व्हीव्हीटी-आय. आपल्याकडे मारुतीच्या व्हीव्हीटी आणि ह्युंदाईच्या व्हीटीव्हीटी या नावांमुळे ही गोष्ट मागच्या काचेवरच्या स्टिकरपर्यंत आली. म्हणजे विजेचा भाग, ऑईलचा भाग आणि फिरणारा लोखंडी भाग अशी तीन टप्प्यांची साखळी आहे. निदानाच्या दृष्टीने हे उदाहरण चांगलं आहे ते याचसाठी.

आधी कोडचं नाव वाचूया, कारण बहुतेक जण ते वाचतच नाहीत. ही नावं एसएई जे२०१२ या मानकातून येतात. अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलपासून सगळ्या नव्या कारना ओबीडी-२ सक्तीचं झालं, भारतात एप्रिल २०१३ पासून. पी००१० च्या नावात 'सोलेनॉइड खराब' असं कुठेही म्हटलेलं नाही. त्यात 'सर्किट' म्हटलंय. सर्किट म्हणजे कॉइल, तिचा कपलर, कपलरमधल्या पिना, वायर, ईसीयूच्या टोकाचा कपलर आणि ईसीयूमधला ड्रायव्हर. इतक्या सगळ्यांना मिळून ते एक नाव आहे. पण स्कॅनरवर कोड दिसल्यापासून काउंटरवर पार्ट मागेपर्यंत मध्येच कुठेतरी 'सर्किट' हा शब्द गळतो आणि 'अ‍ॅक्च्युएटर' तेवढा उरतो.

दुसरी तक्रार मानकाबद्दलच आहे. ईसीयूच्या ड्रायव्हरला बऱ्याचदा याहून जास्त कळत असतं: वायर तुटली आहे, जमिनीला चिकटली आहे, की बॅटरीच्या प्लसला. जे२०१२ मध्ये 'लो' आणि 'हाय' साठी पी२०८८ आणि पी२०८९ असे वेगळे कोड आहेतही. पण जिथे ईसीयू तिन्ही अवस्था पी००१० मध्येच कोंबतो, तिथे यंत्राने केलेलं निरीक्षण नाव देतानाच गरीब होतं. मग आपण तो गरीब कोड मॉडेलला देतो आणि मॉडेलकडून श्रीमंत उत्तराची अपेक्षा करतो!

आता पी००१० चे शेजारी: पी००११ आणि पी००१२. कॅम हवा त्यापेक्षा पुढे राहिला किंवा मागे राहिला, म्हणजे परिणाम चुकला, असं ते सांगतात. गॅरेजमध्ये आणि ट्यूटोरियल व्हिडिओंमध्ये यावरून एक सोपा नियम फिरतो: पी००१० म्हणजे इलेक्ट्रिकल, पी००११ म्हणजे ऑईल किंवा मेकॅनिकल. यातलं पहिलं अर्धं बऱ्यापैकी खरं आहे. घट्ट झालेल्या ऑईलने व्हॉल्व्ह अडकला तरी कॉइलमधून वीज जायची तशीच जाते, त्यामुळे पी००१० साठी ऑईल बदलणं म्हणजे फ्यूज उडालेल्या पंख्याला तेल घालण्यासारखं. (एक अपवाद: काही इंजिनांत ऑईल सोलेनॉइडमधून झिरपून कपलरमध्ये शिरतं आणि वायरीच्या तारांमधून चढत पुढे जातं. पण तिथेही ऑईल बदलून काही होत नाही, गळती थांबवावी लागते.)

दुसरं अर्धं मात्र खरं नाही, आणि संशोधनासाठी महत्त्वाचं तेच आहे. समजा कपलरमधल्या पिनेवर गंज चढला आणि तिथे १० ओमचा जादा रेझिस्टन्स आला. कॉइल आहे ७.४ ओमची. १२ व्होल्टवर आधी जास्तीत जास्त १.६ अँपिअर मिळत होता, आता ०.६९. वायर तुटलेली नाही, शॉर्ट नाही. फक्त 'तुटलं का, चिकटलं का' एवढंच पाहणाऱ्या ड्रायव्हरला इथे सगळं ठीक दिसतं, त्यामुळे पी००१० येतच नाही. व्हॉल्व्ह मात्र पुरेसा सरकत नाही, कॅम मागे रेंगाळतो आणि कोड येतो 'मेकॅनिकल' घराण्यातला. त्याच्या आधीही एक टप्पा असतो. ईसीयू बंद लूपमध्ये काम करतो. कॅम पोचत नाही असं दिसलं की तो ड्युटी वाढवतो, जादा रेझिस्टन्सची भरपाई करून टाकतो, आणि कॅमचा कोन पडद्यावर अगदी हवा तसा दिसतो. बिघाड आहे, पण तो परिणामात दिसत नाही, कंट्रोलरच्या कष्टात दिसतो. तुमच्या फीचर्समध्ये नुसता कॅमचा कोन असेल आणि ड्युटी नसेल, तर हा काळ तुमच्या डेटासेटमध्ये 'निरोगी' म्हणून नोंदला जाईल.

म्हणजे पी००१० वरून विजेकडे बोट दाखवता येतं, पण पी००११ वरून विजेला निर्दोष सोडता येत नाही. हा अनुमानाचा एकेरी रस्ता आहे आणि तो दुहेरी समजून लिहिलेले फ्लोचार्ट पुष्कळ आहेत.

फ्लोचार्टांचा विषय निघालाच आहे तर कंपनीच्या मॅन्युअलमधली प्रक्रियाही एखाद्या पेपरच्या 'मेथड' विभागासारखी वाचून पाहूया. टोयोटाच्या बऱ्याच पेट्रोल इंजिनांसाठीची पी००१० ची पद्धत प्रसिद्ध आहे. सुरुवात अ‍ॅक्टिव्ह टेस्टने होते: इंजिन आयडलवर ठेवून स्कॅनरने व्हॉल्व्ह चालू करायचा. इंजिन थरथरलं किंवा बंद पडलं तर उत्तम, कारण आयडलवर कॅम पुढे सरकला की असंच व्हायला हवं. मला ही सुरुवात आवडते. एकाच कृतीत ईसीयू, वायर, कॉइल, व्हॉल्व्ह आणि ऑईल अशी अख्खी साखळी तपासली जाते, तीही काहीही न उघडता. टेस्ट पास झाली तर खूप कळतं. नापास झाली तर मात्र साखळीतली कुठली कडी ते कळत नाही, आणि पुढच्या पायऱ्या त्यासाठी आहेत.

पुढे सोलेनॉइड काढून रेझिस्टन्स मोजायचा: २० अंश सेल्सियसला ६.९ ते ७.९ ओम. मॅन्युअल तापमान छापतं, व्हिडिओवाले ते गाळतात. तांब्याचा रेझिस्टन्स दर अंशाला सुमारे ०.३९ टक्के वाढतो, त्यामुळे हीच निरोगी कॉइल १०० अंशाला ९.१ ते १०.४ ओम दाखवणार. सोलेनॉइड बसलेला असतो तापलेल्या सिलेंडर हेडवर. गाडी चालवत आणली, बॉनेट उघडलं, मोजलं, ९.७ आलं, 'लिमिटच्या बाहेर', फेका! उलटही होतं: तापल्यावरच तुटणारी कॉइल टेबलावर थंड असताना ७.४ दाखवते आणि सुटते. एकाच मोजमापात दोन्ही दिशांच्या चुका होतात. रेझिस्टन्ससोबत तापमान लिहिलेलं नसेल तर तो आकडा डेटा म्हणून जवळपास निरुपयोगी आहे.

मग येते वायरिंगची तपासणी, आणि माझा खरा आक्षेप इथे आहे. दोन्ही टोकांचे कपलर काढायचे, वायरीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मीटर लावायचा, १ ओमपेक्षा कमी हवं. मग बॉडीशी तपासायचं, तिथे १० किलोओम किंवा जास्त हवं. निकष स्पष्ट आहेत. पण मीटरची पिन टेकते कुठे ते बघा. ती टेकते थेट धातूच्या टोकाला. कपलरमध्ये नर आणि मादी पिना जिथे एकमेकींना घासून बसतात ती जागा या मापनातच नाही, कारण मापन करण्यासाठी आपण ती जागा आधी मोडली. गंज, ऑईल, ढिलेपणा, थरथर या सगळ्यांचा सर्वात मोठा संशयित तोच, आणि त्याला चौकशीच्या खोलीत येऊच दिलेलं नाही. शिवाय इंजिन बंद, थंड, थरथर शून्य, आणि मीटरमधून जाणारा करंट अगदी नगण्य.

कपलर न काढता मापन करता येतं. मागच्या बाजूने, रबरी सीलच्या कडेने पातळ पिन सरकवून जोडाच्या दोन्ही बाजूंना मीटर लावायचा, व्हॉल्व्ह चालू करायचा आणि जोडावर किती व्होल्ट पडतात ते वाचायचं. आपल्या १० ओमच्या उदाहरणात व्हॉल्व्ह पूर्ण चालू असताना तिथे सातच्या आसपास व्होल्ट दिसतील. चांगल्या जोडावर एका व्होल्टचा छोटासा अंशसुद्धा दिसू नये. ते चालू असतानाच वायरिंग हलवून बघायचं. इथे दोन इंजिनांत एक फरक लक्षात ठेवा. काहींत एका वायरीला रिलेकडून सतत १२ व्होल्ट येतात आणि ईसीयू दुसरी वायर जमिनीला लावतो. टोयोटाच्या या इंजिनांत दोन्ही वायरी ईसीयूकडेच जातात. पहिल्या प्रकारात कपलर काढून '१२ व्होल्ट येतात, म्हणजे वायर ठीक' हा निष्कर्ष गॅरेजमध्ये रोज काढला जातो. डिजिटल मीटरचा स्वतःचा रेझिस्टन्स साधारण १० मेगाओम असतो. त्याच्यापुढे वाटेतले १० ओम म्हणजे समुद्रात तांब्याभर पाणी. मीटर १२ च दाखवणार, कॉइलला मात्र ५.१ मिळणार. जुने वायरमन मीटरऐवजी इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब लावतात. गंमत म्हणजे पेटलेल्या त्या बल्बचा रेझिस्टन्स ६.९ ओमच्या आसपास येतो, जवळपास कॉइलइतकाच. म्हणजे त्यांची पद्धत नकळत योग्य लोड लावणारी आहे. (फक्त तो बल्ब ईसीयूच्या ड्रायव्हरवर लावू नका, थंड फिलामेंट पेटताना कितीतरी पट करंट ओढतो.)

इतकं सगळं वाचून तुम्ही म्हणाल, हे वायरमनचं काम झालं, रिसर्चचं काय? तर ही जी मोडलेली जागा आहे ना, तिथूनच लेबल खराब व्हायला सुरुवात होते.

सोलेनॉइड बदलताना कपलर काढावा लागतो आणि परत लावावा लागतो. काढताना-लावताना पिना एकमेकींवर घासतात, गंजाचा थर खरवडला जातो, ढिला लॉक नीट बसतो. म्हणजे 'सोलेनॉइड बदलणं' ही एक कृती नाहीच, दोन कृती आहेत: नवा पार्ट लावला आणि जोड ताजा केला. लाईट गेली तर श्रेय कुणाचं? जॉब कार्ड सगळं श्रेय पार्टला देतं, कारण बिल पार्टचं होतं. पिना साफ करून कपलर नीट बसवला यासाठी बिलावर ओळ नसते. आणि काढलेला जुना सोलेनॉइड भंगाराच्या डब्यात जातो. तो खरंच मेला होता का, हे कुणीच तपासत नाही.

आकड्यांत बघूया. आकडे माझ्या कल्पनेतले आहेत, फक्त हिशेब समजण्यासाठी. पी००१० आलेल्या १०० गाड्या. प्रत्यक्षात ४० मध्ये कॉइल खराब, ४० मध्ये कपलरचा जोड, २० मध्ये मधली वायर. गॅरेज सगळ्यांना आधी नवा सोलेनॉइड लावतं. कॉइलवाल्या ४० बऱ्या झाल्या. जोडवाल्या ४० पैकी समजा ३० नुसत्या काढण्या-लावण्याने बऱ्या झाल्या. उरलेल्या ३० परत आल्या आणि त्यांचं खरं कारण सापडलं. रेकॉर्ड काय म्हणतं? ७० वेळा सोलेनॉइड, १० वेळा जोड, २० वेळा वायर. आता असं मॉडेल घ्या जे हे रेकॉर्ड शंभर टक्के अचूक सांगतं. पेपरमध्ये अचूकता १००. गाडीच्या दृष्टीने अचूकता ७०, कारण जोडवाल्या ३० गाड्यांना ते छातीठोकपणे सोलेनॉइड म्हणतंय. आणि ही चूक टेस्ट सेट कितीही काटेकोरपणे वेगळा ठेवला तरी दिसणार नाही, कारण टेस्ट सेटही त्याच जॉब कार्डांतून आलाय. क्रॉस-व्हॅलिडेशनने हे सुटत नाही. डेटा दसपट केला तरी सुटत नाही. उलट चूक जास्त ठाम होते. हे मॉडेल बिघाड शिकलेलंच नाही, मेकॅनिकची सवय शिकलंय. मग तेच मॉडेल मेकॅनिकला सल्ला द्यायला गेलं की सवय पक्की होणार, आणि पुढच्या वर्षीचा डेटा आणखी एकसुरी.

वैद्यकशास्त्रात हा पेच ओळखीचा आहे. ऑपरेशनचा गुण खरा की नुसत्या चिरफाडीचा आणि विश्रांतीचा, हे बघायला तिथे काही चाचण्यांत खोटं ऑपरेशन करतात, शॅम सर्जरी. गाडीत ते करायला नैतिक समितीही लागत नाही! कपलर काढा, पुन्हा लावा, पार्ट जुनाच ठेवा, कोड उडवा, गाडी पळवा. कोड परत आला तरच पुढे चला. व्ही-६ इंजिन असेल तर आणखी सोय: दोन्ही बँकांचे सोलेनॉइड सारखेच असतील तर अदलाबदल करा. पी००१० चा पी००२० झाला तर पार्ट दोषी, कारण जोड दोन्हीकडचे ताजे झाले तरी बिघाड पार्टच्या मागोमाग गेला. कोड गायबच झाला तर संशय जोडावर. नवा पार्ट लावण्यापेक्षा ही अदलाबदल कितीतरी जास्त माहिती देते, आणि फुकट आहे.

सैद्धांतिक बाजूने बघायचं असेल तर १९८७ चे दोन पेपर जरूर वाचा, दोन्ही 'आर्टिफिशियल इंटेलिजन्स' या नियतकालिकातले: रेमंड रायटरचा आणि योहान डी क्लीर व ब्रायन विल्यम्स यांचा. रायटरची मांडणी अशी की यंत्राचं वर्णन, घटकांची यादी आणि निरीक्षणं दिलीत, तर निदान म्हणजे घटकांचा असा लहानात लहान संच, ज्याला बिघडलेलं मानलं की निरीक्षणांशी विसंगती उरत नाही. डी क्लीर-विल्यम्स पुढचं मापन कुठे घ्यायचं ते सांगतात: जिथे अनिश्चितता सर्वात जास्त घटेल अशी अपेक्षा आहे तिथे. सुंदर काम आहे. पण त्या 'घटकांच्या यादी'वर बोट ठेवा. यादीत कपलरचा जोड लिहिलाच नसेल, तर जगातला कोणताही अल्गोरिदम त्याला दोषी ठरवू शकत नाही. जॉब कार्डवरून केलेल्या डेटासेटमध्ये ही यादी अभियंत्याने ठरवलेली नसते, पार्ट कॅटलॉगने ठरवलेली असते. क्लास म्हणजे पार्ट नंबर. पार्ट नंबर नाही, तर तो बिघाडही नाही.

याच्या विरुद्ध टोकाला असतात टेस्ट बेंचवरचे पेपर, जिथे बिघाड मुद्दाम घातला जातो. तिथे लेबल खरं असतं, पण बिघाड बाळबोध असतो. कपलर उपटला, 'ओपन सर्किट' असं नाव दिलं, न्यूरल नेटवर्कने ९९ टक्के ओळखलं. ईसीयूच्या ड्रायव्हरने तेच काही क्षणांत ओळखून पी००१० केव्हाच लावलेला असतो, त्याला कुणी पेपर देत नाही. बेंच वापरणार असाल तर सोलेनॉइडच्या वायरीत १, २, ५, १० ओमचे वायर-वाऊंड रेझिस्टर टाका (१० ओमला सुमारे ५ वॅट उष्णता होईल, त्या हिशेबाने घ्या), आणि प्रत्येक पायरी ऑईलच्या वेगवेगळ्या तापमानाला आणि बॅटरीच्या वेगवेगळ्या व्होल्टेजला पुन्हा करा. कारण थंड घट्ट ऑईलही कॅमला तितकाच रेंगाळायला लावतं, आणि तुमचं मॉडेल दोघांत फरक करतंय का, हाच तर प्रश्न आहे. ट्रेन-टेस्ट विभागणी गाडीनुसार करा. एकाच गाडीच्या एकाच फेरीतले शेजारचे दोन सेकंद दोन बाजूंना टाकले की मॉडेल बिघाडाऐवजी ती गाडीच ओळखायला शिकतं.

आणि ज्यांना वर्कशॉपचाच डेटा वापरायचा आहे, त्यांनी करार करतानाच चार-पाच जादा रकाने मागून घ्यावेत. कोडसोबतची फ्रीझ फ्रेम: कोड लागला तेव्हा कूलंट किती अंश होतं, आरपीएम किती. ओबीडी-२ मध्ये ती साठवलेली असतेच, कोड उडवला की मात्र जाते, म्हणून आधी उतरवायची. पार्ट बदलण्यापूर्वी कपलर नुसता काढून-लावून गाडी पळवली का, हो किंवा नाही. काढलेल्या सोलेनॉइडचा रेझिस्टन्स, थंड आणि तापवून, दोन्हीसोबत तापमान. पिनांचा एक फोटो. आणि तीन महिन्यांनी गाडी त्याच तक्रारीसाठी परत आली का. शेवटचा रकाना मिळवणं सर्वात कठीण, कारण चिडलेला गिऱ्हाईक बहुधा दुसऱ्याच गॅरेजमध्ये जातो आणि तुमच्या डेटासेटमध्ये त्याची गाडी कायमची 'दुरुस्त' राहते. मॅनेजर म्हणेल एवढा वेळ कुणाला आहे. मग शंभर गाड्यांऐवजी वीस गाड्यांचं घ्या, पण जुने सोलेनॉइड भंगारात जाऊ न देता एका खोक्यात, गाडीच्या नंबरची चिठ्ठी लावून ठेवायला सांगा. ते खोकं आठवड्याला एकदा लॅबमध्ये आणून मोजायला तुमचा एक तास जाईल.